आमची वाटचाल : विसाव्या हातापर्यंत पोचणारं पुस्तक

पुस्तकं माणूस घडवतात, समाज बदलतात, हे व्याख्यानांतून नेहमी ऐकू येतं. पुस्तकबांधणीच्या टेबलावर हा प्रश्न फार छोटा होऊन येतो : एक प्रत किती हातांतून जाईल? एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम सांगतो की पुस्तकं वापरासाठी असतात. आता वापर म्हटला की झीज आली. पाचव्या वाचकाकडे कणा सुटला आणि मधली सोळा पानं गळाली, तर सहाव्या वाचकाला मजकूर कितीही थोर असून काय उपयोग?

आमच्या कामाची सुरुवात ग्रंथालयांच्या फाटक्या पुस्तकांच्या फेरबांधणीपासून झाली. तेव्हा सगळीकडे चालणारी पद्धत आम्हीही उचलली : पुस्तक कडेनं टोचायचं, दोरा ओवायचा, वर पुठ्ठा. काम झटपट होतं आणि मजबूतही दिसतं. पण कडेची शिलाई आतला समास सहा-आठ मिलिमीटर खाते. मूळ समास पंधरा मिलिमीटरचा असेल तर ओळींच्या टोकाची अक्षरं घडीत जातात. मग वाचणारा पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडतो आणि नेमका तिथेच कागद चिरतो. दुसऱ्या फेरबांधणीत तर मजकूरच शिवला जातो. थोडक्यात, न सुटणारं पण न उघडणारं पुस्तक तयार होतं.

म्हणून जुजबंदीकडे वळलो. छापील ताव तीन घड्या घालून सोळा पानांचा फर्मा होतो. प्रत्येक फर्मा घडीतून शिवायचा आणि शेजारच्याशी गुंफायचा. इथे दोऱ्याची जाडी सगळं ठरवते. वीस फर्म्यांच्या पुस्तकाला जाड दोरा वापरला तर कण्याकडची बाजू फुगते आणि पुस्तक पाचरीसारखं दिसतं. बारीक दोरा कागदाला करवतीसारखा कापतो. दोरा मेण लावून घ्यावा, नाहीतर गाठी सरकतात. पहिला आणि शेवटचा फर्मा सर्वांत आधी तुटतो, कारण पुठ्ठा उघडताना सगळा ताण तिथे येतो. या दोन फर्म्यांच्या घडीवर बारीक कापडाची पट्टी शिवण्याआधीच लावायची. काम पाच मिनिटांचं, पण सुटून परत येणारी बरीच पुस्तकं याच एका पट्टीअभावी आलेली असतात.

कागदाच्या धाग्याची दिशा, म्हणजे त्यातले तंतू ज्या दिशेनं पसरलेले असतात ती, कण्याला समांतर हवी. तपासायला हाताएवढा तुकडा एका बाजूनं ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो तीच धाग्याची दिशा. दिशा चुकली तर कण्यापाशी पानांना लाटा येतात आणि पुस्तक सपाट उघडत नाही. पुठ्ठ्यालाही हाच नियम. वरचं कापड खळ सुकताना पुठ्ठ्याला बाहेर ओढतं, आतला जोडकागद (पुठ्ठा आणि पानं जोडणारा) त्याला उलट ओढून समतोल साधतो. रात्रभर दाबाखाली न ठेवता पुस्तक घाईनं पाठवलं की पुठ्ठा वाकतोच.

गरम गोंदाच्या बांधणीला आम्ही आधी नाकं मुरडली, मग यंत्र घेतलं. पातळ, स्वस्त, हजारांनी निघणारी पुस्तकं तिच्याशिवाय निघत नाहीत, हे मान्य करायलाच हवं. नेहमीचा गोंद साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला लावतात. जास्त तापवला, किंवा दिवसभर तसाच भांड्यात ठेवला, की तो करपतो आणि पुढे कण्यावर तडकतो. कणा खरवडल्यावर कागदाची भुकटी साफ केली नाही, तर गोंद कागदाऐवजी भुकटीला चिकटतो आणि पानं एकेक करून हातात येतात. चकचकीत आर्ट पेपरवर हा गोंद नीट धरत नाही, कारण वरचा लेप तंतूंपर्यंत गोंद पोचू देत नाही. त्याला पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद लागतो. तो हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो, म्हणून निदान चोवीस तास पुस्तक ओढूनताणून तपासायचं नाही.

दुरुस्तीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चिकटपट्टी. काही वर्षांनी प्लास्टिक गळून पडतं, पिवळा डाग मात्र कायमचा राहतो आणि कागद पारदर्शक दिसू लागतो. फाटलेल्या पानाला गव्हाची खळ आणि अगदी पातळ, लांब तंतूंचा कागद पुरतो. खळीसाठी एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी मंद आचेवर सतत ढवळत वीस-तीस मिनिटं शिजवावं, गाळावं, लागेल तसं पातळ करावं. पट्टी कात्रीनं न कापता ओल्या रेषेवर फाडावी, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहून पानात मिसळतात. खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालायची जुनी सवय आम्ही सोडली. कीड दूर राहते हे खरं, पण तांबं कागदाला आतून खातं.

तुरटी आणि राळ घालून केलेला जुना कागद आम्लामुळे ठिसूळ होतो. कोपरा चार-पाच वेळा पुढेमागे दुमडून पाहावा. तुटला तर शिवण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचं स्कॅनिंग करावं आणि मूळ प्रत पेटीत ठेवावी. भिजलेलं पुस्तक ४८ तासांत वाळवता येत नसेल तर गोठवणं बरं, नाहीतर बुरशी धरते.

दुरुस्तीला आलेलं पुस्तक तपासलं की ते कसं वाचलं गेलं ते कळतं. कडेचा मळकट पट्टा शेवटच्या पानापर्यंत सारखा असेल तर लोकांनी ते संपवलंय. पहिल्या तीस पानांतच मळ थांबला असेल तर बहुतेकांनी सोडलंय. आरोग्य, कायदा, यंत्रदुरुस्ती यांच्या पुस्तकांत मात्र अधलेमधले फर्मेच मोडलेले असतात. लोकांनी तेवढाच भाग गरजेपोटी पुनःपुन्हा उघडलेला असतो. म्हणून प्रकाशक विचारतात तेव्हा आम्ही सुचवतो की असा भाग फर्म्याच्या मधोमध येऊ द्या, तिथे पान सर्वांत सपाट उघडतं. पुस्तकाची घडण वाचन बदलते, हे जुनंच आहे : मुद्रक-प्रकाशक आल्डुस मानुत्सिओनं व्हेनिसमध्ये १५०१ पासून अभिजात ग्रंथ हातात मावतील अशा आकारात काढले. मजकूर जुनाच होता, पुस्तक फक्त चौरंगावरून हातात आलं.

पुढे नवसाक्षरांसाठी पुस्तिका करू लागलो. देवनागरी अक्षराला १६ ते १८ पॉइंटचा आकार आणि ओळींत सढळ अंतर लागतं, कारण वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांवर चढले की अडखळत वाचणारा थांबतो. ६४ पानांपर्यंत मधली पिन चालते. त्यापुढे आतली पानं बाहेर सरकतात, आणि कापताना मजकूर कडेला भिडतो.

ब्रेलची बांधणी हे सगळ्यांत अलीकडचं काम आणि इथे आमच्या निम्म्या सवयी उलट्या कराव्या लागतात. उठावदार टिंबांमुळे पानांचा गठ्ठा फुगतो, म्हणून कण्यापाशी कागदाच्या पट्ट्या भरून जाडी जुळवतो. आणि शिकाऊ कारागिराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट दोनदा सांगतो : हे पुस्तक दाबयंत्रात घालायचं नाही, आडवं एकावर एकही रचायचं नाही. टिंबं चपटी झाली की पान कोरं झालं.