टार्गेटच्या पाठीमागचा नकाशा

गेली चौदा वर्षे मी मुंबईत नेमबाजी शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण स्पर्धेसाठी येतात. स्वसंरक्षणासाठी परवाना काढून पहिल्यांदाच रिव्हॉल्व्हर घेतलेले लोक मोजकेच असतात. तरीही त्यांना शिकवण्याचा दिवस मला अधिक जोखमीचा वाटतो, कारण स्पर्धकाचे हत्यार सराव संपला की कुलपात जाते, तर या लोकांचे हत्यार रोजच्या राहत्या घरात आणि चालत्या दुकानात, चार माणसांच्या वावरात असते.

गेल्या पावसाळ्यात लालबागचे एक सराफ आपल्या मुलीला घेऊन आले. वय साठीच्या आसपास, बोलणे अतिशय मृदू. दुकानात एकदा चाकू दाखवून लुटण्याचा प्रयत्न झाल्यानंतर त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला होता आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर तो मिळाला होता. शस्त्र नियम, २०१६ नुसार द्यावे लागणारे एस-१ नमुन्यातील प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही त्यांच्याकडे होते. हत्यार सुरक्षित हाताळणे, चालवणे, त्याची निगा राखणे, ते घरी ठेवणे आणि सोबत नेणे, हे सगळे त्या प्रशिक्षणात यायला हवे. पण जिथून त्यांनी ते घेतले तिथे तासाभराचे व्याख्यान ऐकवून त्यांच्या हाती कागद ठेवण्यात आला होता. या प्रकाराचा मला मनापासून राग येतो. ज्याने आयुष्यात कधी चापावर बोट ठेवलेले नाही, त्या माणसाला तुम्ही शिकलात असे लिहून देणे हा त्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या जिवाशी केलेला खेळ आहे.

त्यांचे रिव्हॉल्व्हर आयुध निर्माणीचे ०.३२ बोअरचे होते. सहा काडतुसांचे हे हत्यार वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या धाटणीचे आहे, म्हणजे अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे झुकते, मधल्या तारकेसारख्या भागाने पुंगळ्या वर उचलल्या जातात आणि बाहेर पडतात. नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. हत्यार बिचकत, अर्धवट उघडले तर काडतुसे थोडी वर येतात आणि पुन्हा खाली बसतात. कधी एखाद्या काडतुसाची कड त्या तारकेखाली अडकते आणि माणूस मात्र हत्यार रिकामे झाले असे समजतो. म्हणून मी त्यांना नळी मातीच्या बांधाकडे आणि बोट चापाच्या कडीबाहेर ठेवून ते पूर्ण उघडायला लावले. सहाही घरे डोळ्यांनी बघायची, मग करंगळीच्या टोकाने चाचपायची, आणि तेवढ्यावर न थांबता शेजारी उभ्या माणसाला दाखवायची. हे त्यांनी तीस वेळा केले. तिसाव्या वेळी मुलगी म्हणाली, “बाबा, आता तुम्ही तिजोरीचं कुलूप ओढून बघता ना, तसं करताय.” मला ती तुलना फार योग्य वाटली.

गोळीबाराला आम्ही सात मीटरवर सुरुवात केली. कानांना आवरण, डोळ्यांना चष्मा, दोन्ही हातांची पकड. पहिल्या सहा गोळ्या टार्गेटच्या खालच्या कडेला विखुरल्या. आवाजाची आणि धक्क्याची आधीच धास्ती घेतली की मनगट गोळी सुटण्यापूर्वीच खाली झुकते, आणि ते सांगून कळत नाही. त्यामुळे मी त्यांच्या नकळत सिलिंडरमध्ये चार खरी आणि दोन नकली काडतुसे भरून दिली. नकली काडतुसावर घोडा पडला तेव्हा नुसता ‘खट्’ आवाज झाला आणि नळी दोन बोटे खाली गेल्याचे त्यांना स्वतःलाच दिसले. त्यानंतर त्यांनी चाप हळूहळू, सलग मागे ओढायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात गोळ्या बऱ्यापैकी एकत्र येऊ लागल्या. खरे काडतूस असूनही चाप ओढल्यावर गोळी सुटलीच नाही तर काय करायचे, तेही मी सांगितले: हत्यार लगेच उघडायचे नाही, नळी बांधाकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचे, कारण काडतूस उशिरा पेटू शकते.

मग आम्ही टार्गेट बदलायला पुढे गेलो. आमची टार्गेट बारा मिलिमीटरच्या प्लायवर लावलेली असतात. काका कौतुकाने पुढची छिद्रे बघत होते. मी त्यांना मागच्या बाजूला यायला सांगितले. मागे प्रत्येक छिद्राभोवती लाकडाच्या चिरफळ्या बाहेर आलेल्या होत्या आणि गोळ्या त्यापलीकडच्या मातीत गेलेल्या होत्या. त्यांनी एका छिद्राला बोट लावले आणि विचारले, “मॅडम, ही किती जाडीची प्लाय?” मी सांगितले. ते काहीच बोलले नाहीत. मुलगी म्हणाली, “आपल्या दुकानातलं पार्टिशन याच जाडीचं आहे.”

मी जुने टार्गेट काढले, त्याची कोरी बाजू वर केली आणि तिला दुकानाचा नकाशा काढायला सांगितले. ती स्थापत्य पदविकेची विद्यार्थिनी. पेन्सिलने तिने मापे टाकून काढले. दहा फूट रुंदीचे दुकान, समोर शटर, मध्ये काउंटर, काउंटरमागे वडिलांची खुर्ची, खुर्चीमागे प्लायची भिंत. मग मी विचारले, की खुर्चीवरून दाराकडे नेम धरला आणि तो चुकला तर गोळी कुठे जाईल? तिने रेघ ओढली. ती शटरमधून बाहेर पडून बसथांब्यावर गेली. दरोडेखोर काउंटर ओलांडून आत आला आणि काका दाराकडे सरकले, तर रेघ उलट दिशेने प्लायच्या भिंतीला लागली. भिंतीमागच्या खोलीत तिने काहीतरी लिहिले आणि कागद वडिलांकडे वळवला. तिथे लिहिले होते: ‘आजीची खाट’.

काका बाकावर बसले. बराच वेळ त्यांनी तो कागद हातातून सोडला नाही. मी त्यांना हत्यार परत करा असे सांगितले नाही. तो निर्णय माझा नव्हता आणि त्यांची भीती खरी होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा अधिकार दिलेला आहे, पण बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, हे मात्र मी स्पष्ट केले. नेम टार्गेटवर संपत नाही हा नियम सगळीकडे शिकवतात. मोकळ्या शेतातल्या घराला तो पाळणे जमू शकते. मुंबईत प्रत्येक भिंतीच्या पलीकडे कुणाचा तरी संसार असतो, म्हणून इथे मी तो सर्वांत आधी शिकवायला हवा होता, असे मला त्या दिवशी वाटले, आणि तेव्हापासून मी तसेच करते.

नंतरचे बोलणे घरात हत्यार ठेवण्याविषयी झाले. काउंटरच्या खणात ते ठेवायचे नाही. भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी पेटीत ठेवायचे, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि चाव्या एकाच जुडग्यात नकोत. चामड्याच्या म्यानात ते कायम ठेवू नये, कारण मुंबईच्या दमट हवेत चामडे ओल धरते आणि पोलादावर गंज चढतो. त्यांनी संकोचत विचारले, की दसऱ्याला शस्त्रपूजेत मांडले तर चालेल का? चालेल, पण सिलिंडर उघडे आणि रिकामे, काडतुसे पाटावर नकोत. हर्षाने हवेत एक बार काढू म्हणणारा भाचा घरात असेल, तर शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेपर्वाईने केलेल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यालाही सांगून ठेवायचे.

निघताना आम्ही पुंगळ्या मोजल्या, वापरलेल्या आणि उरलेल्या काडतुसांचा हिशेब वहीत लिहिला, आणि शिशाचा अंश हातांवर राहतो म्हणून तिघांनी साबणाने हात धुतले. काकांनी तो नकाशा घडी न घालता गुंडाळून पिशवीत ठेवला.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले, तेव्हा दुकानात बसणारा धाकटा भाऊही सोबत होता. आजीची खाट आता पोटमाळ्याच्या जिन्यापलीकडे, दगडी भिंतीच्या आड हलवली होती, काउंटरखाली पायाने दाबायचे धोक्याच्या घंटेचे बटण बसवले होते, आणि रिव्हॉल्व्हर पेटीत होते. भावाने माझ्यासमोर बसताच पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, ती प्लाय मला पण दाखवता का?”