गेम पूर्ण करणारे किती?

पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत मी प्रोड्युसर आहे. कोण काय कधीपर्यंत करणार आणि त्याला पैसे किती लागणार, ही दोन्ही कामं माझ्याकडे. ज्या सोमवारी आमच्या डीएलसीचं, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भागाचं, बजेट मंजूर व्हायचं होतं, त्या दिवसाची ही गोष्ट. गेम बाजारात येऊन वर्ष होत आलं होतं, विक्री मंदावली होती आणि पगार तर दर महिन्याला द्यायचेच होते. त्यामुळे जुन्याच गेमला जोडून नवा भाग विकायचा, हे ठरल्यातच जमा होतं.

बाहेरून हा सोपा पैसा वाटतो. इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, तयार; पात्रं तयार. चार लेव्हल्स करायच्या आणि विकायच्या. खर्च वाचतो हे खरंच. शिवाय गेम रिलीजला आला की प्रोग्रामर बग्ज काढण्यात बुडालेले असतात आणि आर्टिस्टांच्या हातातलं काम संपत आलेलं असतं. त्यांना रिकामं बसवणं परवडत नाही, म्हणून ते डीएलसीला लागतात. पहिल्याच दिवशी डीएलसी विकायला आलं की ‘मूळ गेममधूनच कापून काढलं’ म्हणून लोक भडकतात, पण पुष्कळदा त्यामागे हा पगाराचा हिशेब असतो. मुद्दाम कापून विकणारेही आहेत, आणि त्यांच्यावरचा राग मला रास्तच वाटतो.

खरी गोची गिऱ्हाइकाची. गेम कुणीही घेऊ शकतो. डीएलसी फक्त ज्याच्याकडे गेम आहे तोच घेणार, आणि त्यांच्यातलेही थोडेच. त्यात हाती येणारी रक्कम बघा. भारतात १०० रुपयांना विकलं, तर १८ टक्के जीएसटी त्यातच धरलेला असतो; तो गेला की ८४.७५ रुपये उरतात. गेम विकणारं ऑनलाइन दुकान म्हणजे स्टीम; त्याचा ३० टक्के वाटा गेल्यावर ५९ रुपये आणि काही पैसे. एका गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की स्टीमचा वाटा कमी होतो, पण आमच्या आकाराच्या स्टुडिओला त्याचा उपयोग नाही.

आमच्या आराखड्यात शेवटचा बॉस, म्हणजे गेमच्या शेवटी भेटणारा सगळ्यात तगडा शत्रू, हरला की पुढचं प्रकरण उघडणार होतं. कथा म्हणून ते सुंदर होतं. मी प्रोजेक्टरवर आमच्या गेमचं अचिव्हमेंट्सचं पान उघडलं; गेममधला कुठला टप्पा किती टक्के खेळाडूंनी गाठला, ते त्यावर दिसतं. स्टीमवर ते कुणालाही बघता येतं. पहिली लेव्हल जवळजवळ सगळ्यांनी पार केलेली. नदीच्या घाटाच्या लेव्हलनंतर निम्मे गळालेले. शेवटच्या बॉसपाशी पोचेपर्यंत पाचातला एकसुद्धा धड उरला नव्हता.

‘‘अरे, ज्यांना गेम आवडला तेच शेवटापर्यंत गेले ना? तेच घेतील,’’ आमचा कथालेखक म्हणाला.

‘‘घेतील, पण त्यांच्याशिवाय कुणी घेणार नाही,’’ मी म्हटलं आणि खर्चाची शीट उघडली. टीमचे पगार, आवाजांचं रेकॉर्डिंग, भाषांतरं, टेस्टिंग. हे सगळं भरून निघायला शेवट गाठलेल्या जवळपास प्रत्येकाने पूर्ण किंमत मोजून डीएलसी घ्यायला हवं होतं. तसं कुठल्याच गेमचं होत नाही.

मोठ्या कंपन्यांनी यावर वाट काढलेली आहे. ‘द विचर ३’चं ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ (२०१५) मुख्य मेनूतून थेट सुरू करता येतं, त्यासाठी गेराल्ट हा नायक आधीच पुरेसा ताकदवान करून मिळतो. ‘सायबरपंक २०७७’च्या ‘फँटम लिबर्टी’लाही (२०२३) तशी सोय आहे. याउलट ‘एल्डन रिंग’च्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’त (२०२४) शिरायचं तर आधी मूळ गेममधल्या राडान आणि मोग या दोन बॉसना हरवावंच लागतं. एवढा अफाट चाहतावर्ग पाठीशी असेल तर ती अट झेपते.

मग आमची आर्ट लीड म्हणाली, ‘‘घाटावर तो बंद दरवाजा आहे ना? नुसता शोभेला केलेला. तो उघडू या की.’’ लोक जिथे गेम सोडून देत होते, नेमकी तीच जागा! लेखक आधी नाराज झाला. त्याची सहा महिन्यांची कल्पना बाजूला पडत होती आणि मला त्याचं वाईट वाटत होतं. पण संध्याकाळी तोच तीन पानं लिहून घेऊन आला: गेममधल्या त्याच रात्री नदीपलीकडच्या गावात काय घडलं, त्याची कथा.

बजेट त्या नव्या आराखड्यावर मंजूर झालं. डीएलसी आलं त्या आठवड्यात मूळ गेमवर सूट दिली आणि दोन्हींचा बंडलही केला. त्या आठवड्यात डीएलसीपेक्षा मूळ गेमच्याच प्रती जास्त खपल्या, आणि ते नवे लोकच पुढच्या प्रत्येक सेलला आमचे डीएलसीचे गिऱ्हाईक झाले. गेम अर्ध्यात सोडलेलेही बरेच जण दरवाजा बघायला परतले.

लेखकाचं मूळ प्रकरण आम्ही छोटं केलं आणि शेवट गाठलेल्यांना फुकट दिलं. बजेटच्या चर्चेत ती ओळ दोनदा खोडली गेली आणि दोन्ही वेळा मी भांडून परत लिहून घेतली. जे शेवटापर्यंत आमच्याबरोबर आले, त्यांचा तो हक्कच होता.