जुन्या मोटारसायकलचे आवाज कसे ओळखावेत

मी घेतलेली 150 सीसीची जुनी मोटारसायकल चाळीसच्या वेगाला मागून घुरघुरत असे आणि गतिरोधकावरून उतरताना पुढून टक् असा आवाज करत असे. गॅरेजमध्ये 'शॉकअप गेलेत, टायरही टाकून द्या' असा सरसकट सल्ला मिळाला. आवाज नेमका कशाबरोबर येतो आणि कशाबरोबर थांबतो, हे ठरल्याखेरीज एकही नट सैल करू नये, असे माझे मत आहे.

प्रथम मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून गाडी तशीच पुढे जाऊ द्यावी. इंजिन मंदावल्यावरही आवाज वेगाबरोबरच कमी-जास्त होत राहिला, तर दोष चाक, टायर, ब्रेक किंवा चेन यांच्याकडचा असतो. मग टायरच्या कडेला खडूची खूण करून गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलावी. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच आवाज येत असेल, तर नक्षीत अडकलेला खडा, टायरला आलेला फुगा किंवा घासणारी ब्रेकची वाकडी डिस्क शोधावी. चेनचे गणित निराळे आहे: चेनला शंभरेक कड्या आणि मागच्या स्प्रॉकेटला (चेन ज्यावर चढते त्या दातेरी चक्राला) चाळीसच्या आसपास दाते असतील, तर चेनचा एक फेरा पुरा व्हायला चाकाचे सुमारे अडीच फेरे लागतात, तेव्हा खट्ट आवाज त्या अंतराने येत असल्यास एखादी कडी आखडली आहे, असे समजावे. या तपासणीला खडूखेरीज काही लागत नाही, तरी ती करताना मी कोणाला पाहिलेले नाही.

बेअरिंगसाठी इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि एका हाताने, चेनपासून बोटे दूर ठेवून, मागचे चाक फिरवताना दुसरा हात स्विंग आर्मवर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर, ठेवावा. बारीक खरखर कानाआधी तळहाताला कळते. माझ्या गाडीत चाकाची दोन्ही बेअरिंगे ठीक होती. घुरघुर होती ती स्प्रॉकेट ज्या ड्रमवर बसतो त्यातल्या स्वतंत्र बेअरिंगची. अनेक गाड्यांत ते असते आणि चाक खोलूनही पाहायचे राहून जाते. बाहेर काढले तेव्हा ग्रीसच्या जागी गेरूच्या रंगाची भुकटी होती, आणि आतली रिंग बोटाने फिरवली की अडखळत होती. सीलमधून पाणी आत गेल्याची ही खूण. (सर्व्हिसिंगच्या वेळी हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) थेट जोराचा फवारा मारणाऱ्यांना मी आता थांबवतो.)

पुढच्या आवाजाचे मूळ शोधण्यासाठी पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे रेटावी आणि हँडलच्या मुळाशी बोट ठेवावे. तेथे हिसका जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, ढिला असतो. माझ्याकडे तेवढेच निघाले आणि तो कसल्यावर काम झाले. मात्र पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवताना मध्यावर खाच लागत असेल, तर कसून उपयोग नाही, कप आणि गोळ्या बदलाव्याच लागतात.

टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड, उदाहरणार्थ 2317, हा 2017 सालचा तेविसावा आठवडा सांगतो. विकणारा 'टायर नवाच आहे' म्हणाला तरी तो वाचावा. वेगाबरोबर चढणारी आणि गाडी कलल्यावर बदलणारी गुणगुण असेल, तर टायरवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने टोचरा लागला, तर तो ठिकठिकाणी असमान झिजलेला आहे. कमी हवा किंवा निकामी शॉकअप हे त्याचे नेहमीचे कारण असते, आणि दोष शॉकअपचा असताना नुसता टायर बदलला, तर नवाही तसाच झिजतो.