आधी दोष शोधायचा, मग पार्टला हात : आमची वाटचाल

साताऱ्यात पोवई नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवात वडिलांनी केली, तीही टीव्ही दुरुस्तीपासून. पिक्चर ट्यूबचे टीव्ही मागे पडले तसे त्यांच्या टेबलावर आधी मॉनिटर आणि मग लॅपटॉप येऊ लागले. मी डिप्लोमा करून त्यांच्या शेजारी बसलो. दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय पार्ट मागवायचा नाही, ही शिस्त त्यांची. आमचा धंदा आजही तिच्यावरच उभा आहे.

सुरुवातीला आमच्याकडे येणाऱ्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या खालच्या कडेला, तिला मागून उजेड देणारी काडीसारखी बारीक फ्लुरोसंट ट्यूब असायची. ट्यूबला लागणारा काहीशे व्होल्टचा दाब देणारी छोटी पट्टी, म्हणजे इन्व्हर्टर, शेजारीच. ट्यूब विझली, इन्व्हर्टर गेला किंवा बिजागरीतली केबल तुटली, तरी गिऱ्हाईक येऊन एकच सांगायचं, "स्क्रीन गेली." मग अनेक ठिकाणी सरळ अख्खं पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा स्क्रीनचा पूर्ण भाग, बदललं जायचं. पॅनेल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवायचं, आणि जुन्या लॅपटॉपला तो खर्च सोसत नसे.

त्या काळातलं एक काम मला आजही नव्या मुलांना शिकवताना सांगावंसं वाटतं. लग्नपत्रिका छापणारे एक गृहस्थ ऐन लग्नसराईत आले. त्यांचं सगळं काम युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये होतं. दुसऱ्या मशीनवर तो मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसायची. त्यामुळे नवा लॅपटॉप घेऊन त्यांचं भागणार नव्हतं. सकाळी सुरू केल्यावर स्क्रीन लालसर दिसायची आणि काही क्षणांत काळी व्हायची. पॅनेल बदलावं लागेल, असं त्यांना आधीच कुणी सांगितलं होतं.

आम्ही काळ्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारला. आत अंधुक का होईना, चित्र होतं. म्हणजे पॅनेल चित्र उमटवत होतं, फक्त मागचा उजेड नव्हता. बाहेरचा मॉनिटर जोडला, तिथे सगळं स्वच्छ. ग्राफिक्स आणि मदरबोर्ड त्यातून सुटले. झाकण पुढेमागे हलवून पाहिलं, फरक नाही, म्हणजे केबलवरही संशय नाही. मग पुढची चौकट काढून इन्व्हर्टरवर मल्टीमीटर लावला. वीज पोचत होती, 'चालू हो' हा सिग्नलही येत होता. शेवटी आमच्याकडची चाचणीची चांगली ट्यूब त्याच इन्व्हर्टरला जोडली, ती न विझता जळत राहिली. दोष ट्यूबचाच होता. म्हातारी झालेली ट्यूब लालसर जळते, आणि इन्व्हर्टरला गडबड जाणवली की तो स्वतःच बंद होतो.

ट्यूब बदलणं मात्र नाजूक. पॅनेलच्या मागचे पारदर्शक आणि दुधी पापुद्रे एकेक करून उचलायचे, क्रमही चुकवायचा नाही आणि धूळही शिरू द्यायची नाही. त्याच लांबीची, त्याच जाडीची ट्यूब, टोकांना सोल्डर, वर रबरी टोपी. ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून काढलेली ट्यूब फुटू न देता वेगळी ठेवायची. लॅपटॉप परत देताना वडिलांनी त्यांना बजावलं, "काका, नवा उजेड जास्त पांढरा आहे. पत्रिकेतला लाल रंग स्क्रीनवर वेगळा दिसेल, आधी एक प्रूफ काढा." इतकं सांगितलं तरच दुरुस्ती पूर्ण झाली, असं मी मानतो.

२०१० च्या आसपास ट्यूब हद्दपार झाली आणि एलईडी आले. इन्व्हर्टरही गेला, पण काम संपलं नाही. रोज उघडझाप होऊन बिजागरीत पिळवटलेली केबल हा आता आमचा नेहमीचा पाहुणा आहे. ठरावीक कोनात झाकण धरलं की डिस्प्ले येतो, सोडलं की जातो. आमच्या टेबलावर बॅटरी सोडवल्याशिवाय ही केबल कुणी काढत नाही. बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाचा, वीजपुरवठा त्याच कनेक्टरमधून जातो. चालू मशीनवर प्लग तिरका बसला की शेजारच्या पिनेला चिकटून मदरबोर्डवरचा इवलासा फ्यूज उडतो. मग नवं पॅनेल लावलं तरी तेही काळंच राहतं, आणि दोष भलत्यालाच लागतो.

काही वेळा दोष असतच नाही. झाकण मिटलं हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. मोबाइलचं चुंबकी कव्हर कीबोर्डशेजारी ठेवलं तरी काही मॉडेलचा डिस्प्ले बंद होतो. एक ताई याच कारणाने आल्या होत्या. आम्ही कव्हर बाजूला केलं आणि पैसे घेतले नाहीत.

पॅनेलमध्ये उभी रेघ आली आणि बाहेरच्या मॉनिटरवर ती दिसत नसेल, तर काचेला चिकटवलेल्या, चित्राचे सिग्नल पोचवणाऱ्या पट्टीची जोडणी सुटलेली असते. कड दाबली की रेघ तात्पुरती जाते. दाबून, कागद कोंबून लॅपटॉप देणं आम्हाला मान्य नाही, तिथे पॅनेलच बदलावं लागतं. ग्राफिक्स चिप गरम करून 'चालू करून' देण्याचं कामही आम्ही घेत नाही. ते टिकत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या आणि घराघरांत कपाटात पडलेले लॅपटॉप बाहेर आले. पार्सल बंद होती. तेव्हा निकामी लॅपटॉपमधून काढून ठेवलेल्या केबल आणि पॅनेल कामी आल्या. तेव्हापासून मागच्या खोलीत प्रत्येक पॅनेलवर नंबर लिहून वेगळं ठेवलेलं असतं. काउंटर माझी पत्नी सांभाळते. काय तपासलं, कुठे दोष सापडला, हे ती पावतीवर मराठीत लिहून देते. तपासणीचे पैसे वेगळे घेतो आणि दुरुस्ती केली तर बिलातून वजा करतो. गिऱ्हाइकाला दुरुस्ती नको असेल, तरी ती पावती घेऊन तो कुठेही जाऊ शकतो.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तरी जुन्या मॉडेलचा सर्किट नकाशा अधिकृतपणे मिळणं आमच्यासारख्या छोट्या दुकानाला आजही अवघड जातं, आणि आम्हाला हवा आहे तो बदल नेमका तिथे.

लॅपटॉप आणताना चार्जर सोबत आणा. डिस्प्ले सुरू करताच जातो, झाकण हलवल्यावर जातो की गरम झाल्यावर, एवढं पाहून ठेवा. आमचं निम्मं काम त्यानेच हलकं होतं.