एका गुणासाठी ठाण्याच्या तीन खेपा

आधीच सांगून टाकते, आमचा नंबर आला नाही. चौथे आलो, उत्तेजनार्थ. एक प्रमाणपत्र आणि कडुलिंबाचं रोप मिळालं. रोप गॅलरीत आहे, प्रमाणपत्र कुठे आहे ते चिरंजिवांना विचारावं लागेल. पण लिहायला बसले ते नंबरासाठी नाही. एका प्रश्नावर हरकत नोंदवायला ऐरोलीहून ठाण्याला ज्या तीन खेपा घातल्या, त्या अजून डोक्यातून जात नाहीत. पुढच्या वर्षी कुणी मुलाला घेऊन अशा स्पर्धेला बसणार असेल, तर त्याच्या निदान दोन खेपा वाचाव्यात.

स्पर्धा पालक-पाल्य जोडीची होती. पर्यावरण सामान्यज्ञान, ४० प्रश्न, ४५ मिनिटं, दोघांत मिळून एक उत्तरपत्रिका. २ फेब्रुवारीच्या जागतिक पाणथळ दिनानिमित्त ठेवलेली. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागा वाचवण्याचा करार झाला, म्हणून हा दिवस. ही गोष्ट पुढे येणार आहे. नावनोंदणी, शाळेचं बोनाफाइड, फोटो हे सगळं एका संध्याकाळी उरकलं.

तयारीसाठी आयोजकांनी ५०० प्रश्नांची एक पुस्तिका पाठवली होती. मोबाईलवर वाचून डोळे दुखायला लागले म्हणून मी सोसायटीखालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. ती प्रिंट हातात आल्यावर पहिल्यांदा काय बघायचं, तर ती कोणत्या साली छापली ते. मी बघितलं नाही. मागाहून लक्षात आलं की त्यात प्लास्टिक पिशवीची किमान जाडी अजून ५० मायक्रॉनच दिलेली होती. देशाचा नियम सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि २०२२ च्या डिसेंबरअखेर १२० मायक्रॉन झाला. म्हणजे पुस्तिका बरीच शिळी. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

बाकी तयारी मजेत झाली. मुलगा सातवीत आहे. त्याच्या डोक्यात एक घट्ट बसलेलं होतं की ओझोनच्या थराला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते. हे बऱ्याच मोठ्या माणसांच्याही डोक्यात असतं, म्हणून परीक्षेत हमखास विचारतात. त्याला वहीत दोन खाने पाडून दिले. एकात ओझोन: फ्रिजमधले, स्प्रेमधले सीएफसी वायू, १९८७ चा माँट्रियल करार, १६ सप्टेंबर. दुसऱ्यात तापमानवाढ: कोळसा, पेट्रोल, कार्बन डायऑक्साइड, मिथेन. ‘एक छत फाटलंय, दुसरीकडे घोंगडी जाड झालीय,’ असं सांगितलं तेव्हा त्याला पटलं. महाराष्ट्राची मानचिन्हं त्याला आधीच येत होती: प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, फूल ताम्हण, झाड आंबा. ब्लू मॉर्मॉन हे राज्य फुलपाखरूही माहीत होतं. नवीन होतं ते पांढरी चिप्पी, आपला राज्य कांदळवन वृक्ष. २०२० साली जाहीर झाला. आमच्या खाडीत उभा असतो आणि आपण सगळ्यालाच खारफुटी म्हणून मोकळे होतो.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी त्याला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने फ्लेमिंगो दाखवायला नेलं. (जाणार असाल तर भरतीची वेळ बघून बुकिंग करा. ओहोटीला होडी जात नाही, सकाळी उठून गेलात आणि भरती दुपारची असली तर बसा.) चिखलात डोकं उलटं घालून हजारभर पक्षी एका लयीत चरत होते. त्यांचा गुलाबी रंग ते जे शेवाळ आणि कोळंबीसारखे जीव खातात त्यातून येतो, हे त्याला तिथेच कळलं. आणि हेही, की ही जागा, म्हणजे आपली ठाणे खाडी, २०१५ पासून अभयारण्य आहे, १६९० हेक्टर, मालवणनंतरचं राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती रामसर स्थळ म्हणून, म्हणजे त्या रामसर कराराच्या यादीतली जागा म्हणून, जाहीर झाली.

आता परीक्षा. प्रश्न आला: ‘महाराष्ट्रात रामसर दर्जा मिळालेली पाणथळ स्थळे किती?’ पर्याय १, २, ३, ४. मुलाने माझ्याकडे बघून तीन बोटं दाखवली. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, बुलढाण्याचं लोणार आणि आपली ठाणे खाडी. ‘क’चा गोल काळा केला आणि पुढे गेलो.

उत्तरतालिका शुक्रवारी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर आली. त्या प्रश्नाचं उत्तर ‘ब’. दोन.

ठाण्यात घेतलेली परीक्षा, पाणथळ दिनाची परीक्षा, आणि ठाणे खाडीच वगळलेली! मी नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, ‘सोड ना, एक गुण आहे.’ मुलगा म्हणाला, ‘आई, पण आपण तर बघून आलोय.’ त्या वाक्यावर मी हरकत घ्यायचं ठरवलं.

हरकतीची मुदत पाच दिवस. त्यातले शनिवार-रविवार बंद. म्हणजे तीन. सोमवारी हाफ डे टाकून ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला गेले. आयोजकांचं कार्यालय स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं, पहिल्या मजल्यावर. पोचले एक वाजून पाच मिनिटांनी. दोनपर्यंत जेवणाची सुट्टी. दारावर तशी पाटी नव्हती, आत एक जण डबा खात होते त्यांनी हातानेच सांगितलं. बाकावर बसून राहिले. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि फेब्रुवारीच्या पानावर, देवाशपथ सांगते, खाडीतले फ्लेमिंगो होते.

दोन वाजता हरकत अर्जाचा नमुना मिळाला. भरून दिला तर म्हणाले, ‘मॅडम, ३१ नंबरचा प्रश्न तर कचऱ्याच्या डब्यांवर आहे.’ माझ्या प्रश्नपत्रिकेचा संच ‘क’ होता आणि हरकत मूळ संचाच्या क्रमांकाने घ्यायची असते. हे तालिकेच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मूळ संच माझ्याकडे कुठून असणार? त्यांनी कपाटातून काढला, शोधला: १७. तोवर पावणेतीन. नवीन अर्ज भरला तर म्हणाले पुरावा जोडा. मी मोबाईलवर केंद्र सरकारचं पत्रक काढून दाखवलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ‘मोबाईल फाईलला लावता येत नाही.’

मंगळवारी दुसरी खेप. रात्री पत्र सूचना कार्यालयाचं ऑगस्ट २०२२ चं पत्रक प्रिंट करून घेतलं होतं. स्वातंत्र्याच्या ७५ व्या वर्षात देशातली रामसर स्थळं ७५ झाली, त्यासाठी शेवटी एकदम अकरा जाहीर केली, त्यात महाराष्ट्रातली एकच, ठाणे खाडी. त्या ओळीवर पिवळं मार्कर मारलेलं. याहून मोठा पुरावा काय असतो? त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू बघितली, आणि विचारलं, ‘शिक्का कुठाय?’

‘अहो भाऊ, सरकारच्या वेबसाइटवरचं आहे. खाली पत्ता छापलाय बघा.’

‘वेबसाइटचं प्रिंट कुणीही काढतं ताई. नियमात लिहिलंय, प्रमाणित पुस्तकातील पृष्ठाची छायांकित प्रत. पुस्तक आणा.’

‘कुठलं पुस्तक प्रमाणित?’

‘छापील.’

माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या बाई वर बघायला लागल्या. मी कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाले, ‘तुमच्या मागे टांगलीय ती खाडी.’ त्यांनी मान वळवून कॅलेंडर बघितलं. मग जरा हळू आवाजात म्हणाले, ‘मी कळव्याचा आहे ताई. लहानपणी खाडीत पोहलोय. मला माहितीये. पण समितीसमोर फाईल जाते, मी जात नाही.’ खरं तर त्यांचा दोष नव्हता. पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. जिना उतरताना मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

स्टेशनबाहेर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा एक स्टॉल दिसला. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, सगळी गाईडं उभी रचलेली. विक्रेत्याला विचारलं, रामसर स्थळं कशात मिळतील? त्याने न बघता रचलेल्या गठ्ठ्यातून एक ओढून काढलं आणि पानसुद्धा उघडून दिलं. महाराष्ट्रातील रामसर स्थळे, तीन, क्रमवार. ८० रुपये. छपाई सुमार, एका ठिकाणी नांदूरचं नांदुर झालेलं. मी तिथेच उभी राहून हसायला लागले. सरकारचं पत्रक चालत नाही, फुटपाथवरचं गाईड चालतं!

बुधवारी तिसरी खेप. पानाची झेरॉक्स, मुखपृष्ठाची झेरॉक्स, दोन्हींवर ‘मूळ प्रतीबरहुकूम’ लिहून माझीच सही. मूळ पुस्तकही सोबत ठेवलं, आणि बरं केलं, कारण त्यांनी ते मागून पान पडताळलं. मग पन्नास रुपये हरकत शुल्क, रोखच. माझ्याकडे पाचशेची नोट. सुटे नाहीत. खाली वडापावच्या गाडीवर जाऊन दोन वडापाव घेतले तेव्हा सुटे झाले. (सुटे न्या. खरंच न्या.) एक वडापाव मी खाल्ला, दुसरा वर नेऊन त्या गृहस्थांना दिला. त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतला. आवक क्रमांक पडला. माझ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून मागून घेतला. हे विसरू नका, कारण दहा दिवसांनी फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘आवक क्रमांक सांगा.’

हरकत मान्य झाली. मी घरात सगळ्यांना पेढे वाटायच्या बेतात होते. मग अंतिम तालिका उघडली. उत्तर ‘क’ असं कुठेच नव्हतं. ‘प्र. क्र. १७: रद्द. सर्व स्पर्धकांना १ गुण.’ बस्स, एवढंच. ज्यांनी दोन लिहिलं त्यांना गुण, ज्यांनी चार लिहिलं त्यांनाही गुण. आमचे ३५ चे ३६ झाले. तिसऱ्या आलेल्या जोडीचे ३६ चे ३७, कारण त्यांनीही तीनच लिहिलं होतं. बक्षीस समारंभात त्या बाई भेटल्या. म्हणाल्या, ‘अय्या, तुम्ही घेतलीत का हरकत? आम्हाला वाटलंच कुणीतरी घेईल.’ माझ्या तीन खेपा आणि एक हाफ डे, गुण त्यांनाही. मी हसले. काय करणार.

खाडीला मात्र तीन खेपांनंतरही तिसरं स्थान मिळालं नाही. पुस्तिका बदलणार का, असं समारंभात विचारलं तेव्हा ‘सूचना नोंदवून घेतो’ असं उत्तर आलं. आवक क्रमांक मिळाला नाही.

अजून काही राहिलेलं: तुमची प्रश्नपत्रिका परत देऊ नका, आणि कोणत्या गोलावर काय भरलं ते तिच्यावरच खूण करत जा. आम्हाला उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मिळाली होती, पण ती इतकी फिकट की काही गोल दिसतच नव्हते. काळं पेन लागतं, जेल नको, ते फासतं. पुस्तिकेतलं प्रत्येक ‘किती’ आणि ‘सध्या’ असलेलं उत्तर ताज्या पुस्तकाशी ताडून बघा. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेला, त्यातली चार ठिकाणं महाराष्ट्रातली, कास, कोयना, चांदोली, राधानगरी, असल्या गोष्टी स्थिर असतात. पिशव्यांची जाडी आणि स्थळांची संख्या स्थिर नसते. आणि पक्षी सप्ताहाच्या तारखा पाठ करा, ५ ते १२ नोव्हेंबर. एक टोक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसरं सलीम अलींचा. आम्हाला आला होता.

आणि एक, जे मी घरी कबूल केलेलं नाही. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक किती प्रदूषकांवरून काढतात, असा एक प्रश्न होता. मुलगा हळूच म्हणाला, ‘आई, आठ.’ मी म्हटलं, सहा. त्याच्या हातातून पेन घेतलं आणि सहाचा गोल मीच काळा केला. सहा असतात ते त्या निर्देशांकाचे वर्ग, ‘चांगली’पासून ‘तीव्र’पर्यंत. प्रदूषकं आठ: दोन प्रकारचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया, शिसं. तो एक गुण असता तर आम्ही तिसऱ्यांच्या बरोबरीत होतो.

ते ८० रुपयांचं गाईड आता त्याच्या टेबलावर असतं. परवा सहज उघडलं तर एक पान दुमडलेलं होतं. रामसरचं नाही. हवेच्या निर्देशांकाचं. आठ या आकड्याभोवती पेन्सिलने गोल काढलाय, चांगला दोनदा गिरवून.