कूलर, नवतपा आणि विमानाचा प्रायमर

नागपुरात लोखंड गंजत नाही, असं शेडमध्ये येणारा जो तो मला सांगून जाई. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, हवा कोरडी ठणठणीत; पटण्यासारखंच होतं. पण इथला उन्हाळा कूलरशिवाय जात नाही, आणि कूलर म्हणजे ताट्यांतून रात्रंदिवस येणारी ओली हवा. हिंगणा रोडवरच्या शेडमध्ये मी एक छोटं विमान बांधतोय; त्याच्या उघड्या नळ्यांवर पहिली तांबूस झाक आली ती जुलैत नाही, मेमध्येच.

विमान दोन आसनी. सांगाडा ४१३० क्रोमोली पोलादाच्या नळ्यांचा, पंख अॅल्युमिनियमचे. दोन्ही धातूंच्या तऱ्हा वेगळ्या.

सांगाडा सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ करून आणला. ब्लास्टिंगनंतर पोलाद इतकं उघडं पडतं की घामेजल्या बोटाचा ठसासुद्धा गंजून उमटतो, म्हणून हातमोजे घालून उचलायचं आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर, मारायचा. ब्लास्टिंगवाला हसला. "काहून एवढी घाई करून राह्यले भाऊ? उद्या मारा ना!" त्याच्या गेट-ग्रिलच्या कामात उद्या चालतं.

दोन डब्यांचं एपॉक्सी एकदा कालवलं की घड्याळ सुरू. तापमान दहा अंशांनी वाढलं की ते वापरण्याची मुदत साधारण निम्मी होते. त्यात नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुपारी स्प्रे गनमधून निघालेला फवारा हवेतच सुकतो आणि नळीवर खरखरीत भुकटी बसते. म्हणून पहाटे उजाडता उजाडता, कूलर बंद करून, घाम पुसत काम केलं. पावसाळ्यात हेच गणित उलटतं. धातू दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी गरम हवा, आणि ऑगस्टच्या पहाटे तो तसा नसतो. तेव्हा उघाड बघून दुपारी मारायचं, नाहीतर गन धुऊन ठेवून द्यायची.

नळ्यांच्या आतला भाग मला सगळ्यात आवडला. तिथे ब्रश पोहोचत नाही, म्हणून जुनी रीत: गरम जवसाचं तेल आत ओतायचं, सांगाडा सगळ्या बाजूंनी फिरवायचा, उरलेलं गाळून काढायचं आणि भोकं बंद करायची. आपल्या विदर्भात जवस म्हणजे चटणी; इतवारीतल्या रंगाच्या दुकानात मात्र ते 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि तो बोळा आपोआप पेटू शकतो. मी चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवत होतो.

अॅल्युमिनियमचं वाचावं तितकं कमी. २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूत तांबं असतं, म्हणून तो लवकर झिजतो. त्याच्या पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो, तो घासून काढायचा नाही. ६०६१ हा दुसरा मिश्रधातू मुळातच बरा टिकतो. क्रोमेटचा सोनेरी लेप उत्तम, हे मान्य. पण त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक, आणि ते धुवणाचं पाणी मी ओतणार कुठे, नाग नदीत? तो बेत सोडला. स्कॉचब्राइटने हलकं घासलं (स्टील वूलने नाही, लोखंडाचे कण रुततात), मग धुतलं. पाणी पत्र्यावर थेंबाथेंबांनी फुटलं तर तेलकटपणा शिल्लक. सलग पसरलं तर वाळवून प्रायमर. तोही ६०६१ च्या फक्त एकमेकींवर बसणाऱ्या कडांना, कारण रंगालाही वजन असतं. खुणा मार्करने. पेन्सिलीतलं ग्राफाइट ओलाव्यात अॅल्युमिनियमला खातं.

आता बोल्ट बसवतोय. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, पण ओलाव्यात स्टेनलेसशेजारी अॅल्युमिनियम झिजतं. कॅडमियम मुलामा दिलेले विमानाचेच बोल्ट मागवलेत, आणि प्रत्येक भोकात ओला प्रायमर लावून ते सरकवतो.