ऑफलाइन नकाशा, सायकल आणि स्टेशनखालचा भुयारी मार्ग : माझा अनुभव

खारेगावहून महाप्याला ऑफिसला सायकलने जायचं ठरवलं तेव्हा टायर, हेल्मेट, दिवे या सगळ्यावर सल्ले मिळाले. जायचं कुठून हे मात्र कोणी नीट सांगेना. "कळवा, विटावा, दिघा आणि मग सरळ ठाणे-बेलापूर रोड" एवढंच. सकाळी नऊला टँकर आणि कंपन्यांच्या बसच्या शेजारून त्या रोडवर सायकल चालवून बघा, मग सरळ म्हणजे काय ते कळेल.

फोनमधल्या नेहमीच्या नकाशात मला सायकलचा पर्याय दिसत नव्हता. दुचाकी निवडली की तो मला घणसोली-तळवलीच्या उड्डाणपुलावर चढवायचा, कारण मोटारसायकलला तेच सोयीचं. पायी निवडलं की जिन्यावरून न्यायचा. शिवाय डेटा चालू, स्क्रीन चालू, त्यामुळे महापे येईपर्यंत बॅटरीचा जीव अर्धा झालेला. म्हणून ऑफलाइन नकाशाकडे वळलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक प्रकल्प आहे, २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. जगभरातले लोक आपापल्या भागातले रस्ते त्यात भरतात आणि तो डेटा कोणालाही वापरता येतो. ऑसमअँड, ऑरगॅनिक मॅप्स अशी अॅप्स हाच डेटा घेऊन फोनमध्ये पूर्ण नकाशा साठवतात. एकदा उतरवला की नेट लागत नाही. जीपीएसला तर नेट लागतच नाही, फोन विमान मोडवर टाकूनही निळा ठिपका हलतो. अॅप टाकणं, महाराष्ट्राची फाइल उतरवणं, सायकलचा मोड निवडणं हे सगळं एका संध्याकाळी वायफायवर झालं. त्यात अडण्यासारखं काही नाही.

अडलो ते पुढे.

ऐरोलीपर्यंत अॅपने रस्ता छान दिला. तिथून पुढे मला सेक्टरांच्या आतून जमेल तितकं पुढे जाऊन, मग एका स्टेशनच्या खालून भुयारी मार्गाने पूर्वेला एमआयडीसीच्या बाजूला निघायचं होतं. हा भुयारी मार्ग कोणाला ठाऊक नाही असं नाही. शाळेची पोरं, कंपनीचे कामगार, पाणीपुरीवाले, सगळे त्यातून सायकल हाताने ढकलत नेतात. तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत. हँडल तिरकं केलं की सायकल जाते, मोटारसायकल अडते. अॅप मात्र स्टेशनच्या दारापर्यंत नेऊन मागे फिरवायचं आणि भला मोठा वळसा घालून पुन्हा ठाणे-बेलापूर रोडवर, त्याच उड्डाणपुलाच्या तोंडाशी आणून सोडायचं. कोणत्याही बाजूने विचारलं तरी तेच.

राग यायचा तो यामुळे की भुयारी मार्ग नकाशात होता! तुटक रेषेने काढलेला, रुळांखालून आरपार गेलेला. मला दिसतोय, अॅपला दिसत नाही. शेवटी बोटांनी नकाशा ताणत ताणत जास्तीत जास्त मोठा केला तेव्हा भानगड कळली. पूर्वेकडचं टोक रस्त्याला टेकलेलंच नव्हतं. मध्ये जेमतेम एका फुटपाथची फट. माणसाच्या डोळ्याला ती रेष रस्त्याला भिडलेली वाटते. पण रस्ता शोधणारं गणित डोळ्याने बघत नाही, दोन रेषांमध्ये एखादा सामाईक बिंदू आहे का तेवढंच बघतं. बिंदू नाही तर जोड नाही, आणि जोड नाही तर त्याच्या लेखी तिथे भिंत. उड्डाणपूल आणि खालचा रस्ता एकमेकांवरून जाताना ते तुम्हाला वरून खाली उडी मारायला सांगत नाही, ते याच नियमामुळे. नियम बरोबरच आहे. माझ्या भुयारी मार्गाला तो नडला.

मग मी अॅपमधूनच नकाशावर टीप टाकली, की इथे टोक जोडलेलं नाही, सायकल ढकलत नेता येते, कृपया दुरुस्त करावं. टीप टाकली की काम झालं असं वाटतं. तसं काही नसतं. टीप म्हणजे सोसायटीच्या फलकावर चिकटवलेली चिठ्ठी, कोणीतरी वाचून हात घातला तर घातला. माझ्या चिठ्ठीला कोणी हात घातला नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरायचे दिवस आले तरी ती तशीच उघडी. त्या दिवसांत मला नेमका पर्यायी रस्ता हवा होता आणि अॅप निष्ठेने वळसाच दाखवत होतं.

मग ठरवलं, आपणच करू. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडायला ईमेल पुरतो. दुरुस्ती ब्राउझरमध्येच करता येते, पण लॅपटॉपवर करा, फोनच्या स्क्रीनवर डोळे फुटतील. त्याआधी एकदा जाऊन जागा नीट पाहून आलो, खांब कुठे, पायऱ्या आहेत की उतार, बाहेर पडल्यावर कुठल्या रस्त्याला लागतो. फोनवर ठिपके टाकत उभा होतो तर तोंडाशी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "काय मोजतोस रं? आमाला उठवनार काय?" म्हटलं, "नाही मावशी, सायकलचा रस्ता काढतोय." त्यांना पटलं नसावं. मी तिथून हलेपर्यंत त्यांनी पाटीवरचं फडकं काही काढलं नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती चहा गार व्हायच्या आत झाली. टोक ओढून रस्त्याला चिकटवलं, खांबांचा बिंदू टाकला, आणि सायकलच्या रकान्यात ‘उतरून ढकलत न्यावी’ असं लिहिलं. तशी सोय त्यात आहे. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी नकाशेकऱ्याचा इंग्रजीत प्रश्न, की उपग्रहाच्या फोटोत हा जोड दिसत नाही, आधार काय? दिसेल कसा? वर रेल्वेचे रूळ आहेत! पण शांतपणे लिहिलं, प्रत्यक्ष जाऊन पाहिलंय, रोज जातो. त्याने आभार मानले. विचारणं चूक नव्हतं, आता वाटतं. घरबसल्या वाटेल ते रस्ते जोडणारेही असतातच.

वेबसाइटवरच्या नकाशात जोड थोड्याच वेळात दिसायला लागला. मी खुश. सकाळी अॅप उघडलं, महापे टाकलं, आणि पुन्हा तोच वळसा.

इथे मला जे कोणी आधी सांगायला हवं होतं ते सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ आणि डोकं यात गेलं. या प्रकारात तीन वेगवेगळी घड्याळं चालतात. पहिलं वेबसाइटचं, ते मिनिटांत हलतं. दुसरं अॅपच्या नकाशाचं. अॅपवाले तो डेटा ठरावीक काळाने घेऊन, गाळून, दाबून फाइल बनवतात. काही अॅप्सची नवी फाइल साधारण महिन्यातून एकदा येते. तुमची दुरुस्ती त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी झाली असेल तर बसा पुढच्या खेपेपर्यंत. आणि नवी फाइल आली तरी ती आपली आपण फोनमध्ये येईलच असं नाही, डाउनलोडच्या यादीत जाऊन तारीख बघून घ्यावी लागते.

तिसरं घड्याळ सगळ्यात छळवादी. सायकलचा रस्ता नीट निघावा म्हणून मी अॅपला बीराउटर हे रस्ता शोधून देणारं वेगळं इंजिन जोडलं होतं. ते चढ-उतार धरतं, मोठे रस्ते टाळतं, आणि त्याचे नियम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात, हवे तर बदलता येतात. पण त्याचा डेटा नकाशापासून स्वतंत्र. पृथ्वीचे ५ अंश बाय ५ अंशांचे चौकोन केलेत, आपला चौकोन ई७०_एन१५, म्हणजे पूर्व ७० आणि उत्तर १५ अंशांपासून सुरू होणारा. ठाणे, पुणे, कोल्हापूर, पणजी सगळे त्यात एकत्र. त्यामुळे महिना उलटून नकाशाची नवी फाइल आली, भुयारी मार्ग जोडलेला स्क्रीनवर दिसायला लागला, तरी रस्ता सांगणारा जुन्याच चौकोनातून वाचत होता. नकाशा एक म्हणतोय, सांगणारा दुसरं. त्या संध्याकाळी मी अॅप काढून टाकून पुन्हा टाकलं. त्याने काही होत नाही, तुम्ही करू नका. चौकोनाची फाइल नव्याने उतरवली आणि रस्ता सुतासारखा सरळ निघाला. स्टेशनखालून. ‘उतरा’ असं सांगत.

मी घरात ओरडलो. बायकोने विचारलं काय झालं. "रस्ता जोडला गेला," म्हटलं. "कुठला? तो तर आधीपासून आहे," ती म्हणाली.

आता बाकीचं, आठवेल तसं. नवी मुंबईत नुसतं ‘सेक्टर ५’ शोधू नका, ऐरोलीत आहे, घणसोलीत आहे, वाशीत आहे, नेरुळातही आहे. आधी गाव निवडा, मग सेक्टर. पावसात फोन प्लास्टिकच्या पिशवीत असला की टचस्क्रीन भलतंच काही दाबते. त्यापेक्षा स्क्रीन बंद ठेवून आवाजावर चाला, बॅटरीही वाचते. पण त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये त्या अॅपची बॅटरी बचत बंद करा, नाहीतर फोन त्याला गुपचूप झोपवतो आणि तुम्ही तीन सिग्नल पुढे गेल्यावर ते ‘डावीकडे वळा’ म्हणतं. उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडवर अॅपला तुम्ही वर आहात की खाली हे कळत नाही, तिथे त्याचं ऐकू नका. येऊरला किंवा खारघरच्या टेकडीकडे जाणार असाल तर उंचीचा आलेख आधी बघून घ्या, सपाट नकाशात चढ लपतात. दुरुस्ती करताना दुसऱ्या कंपनीच्या नकाशात बघून उतरवायचं नाही, परवान्यात बसत नाही. स्वतः पाहिलेलं टाका. नकाशाची भाषा मराठी करता येते, पण मराठी नाव कोणी भरलं असेल तिथेच दिसतं, बाकी इंग्रजी. आणि हो, अटल सेतूवर सायकलला बंदी आहे. एका सहकाऱ्याने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं म्हणून लिहिलं.

माझी टीप, ती पहिली चिठ्ठी, मीच बंद केली. ‘सुटलं’ असं लिहून.

ऐरोली-घणसोलीच्या बाजूला सोसायट्यांमधून जाणारे आतले रस्ते काही ठिकाणी रात्री फाटक लावून बंद करतात. त्यातली बरीच फाटकं नकाशात अजून नाहीत, त्यामुळे रात्री अॅप तिकडे घालेल. माझी त्या वेळी जायची वेळ येत नाही. ज्याची येते त्याने टाकावीत, खातं उघडायला ईमेल पुरतो.